छायाचित्राचा कागद: एक दुर्लक्षित प्रश्न

दर वर्षीं परीक्षेचे दिवस जवळ आले कीं, शाळेंतील वरच्या वर्गांचीं समूह-छायाचित्रें निघतात, निरोपसमारंभ होतात, आणि कॅमेऱ्यापुढें क्षणभर स्तब्ध उभे राहिलेले विद्यार्थी पुढें दाही दिशांना पांगतात. त्या क्षणाची खूण म्हणून प्रत्येकाच्या हातीं एक छापील चित्र येतें. चित्रांत कोण कोठें उभा राहिला, कोणाचे डोळे मिटले, कोण ऐन वेळीं हसला, यावर पुष्कळ चर्चा होते. परंतु तें चित्र कोणत्या कागदावर छापलें, हा प्रश्न कोणाच्याहि मनांत येत नाहीं. आमच्या मतें तोच प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. चित्र चांगलें निघालें कीं वाईट, हें कॅमेरा ठरवितो. पण तें आमच्या नातवंडांना पाहावयास मिळेल कीं नाहीं, हें कागद, शाई आणि तें जेथें ठेवलें ती जागा, हीं तिन्ही मिळून ठरवितात.

हल्लीं छायाचित्र घरोघर छापतां येतें. टेबलावर मावणारा इंकजेट प्रिंटर दुकानांत, घरांत आणि शाळेच्या कार्यालयांतहि आला आहे. शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर उडवून तो चित्र उमटवितो. एकेक थेंब अवघ्या कांहीं पिकोलिटरचा असतो. आणि पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा लाख कोटावा भाग. अशा यंत्रांतून निघालेलें चित्र पहिल्या दिवशीं इतकें सुरेख दिसतें कीं, त्याच्या आयुष्याविषयीं शंका घेणें अरसिकपणाचें वाटावें. तथापि पहिल्या दिवसाचें रूप हा टिकाऊपणाचा पुरावा नव्हे. उत्तम कागदावरील चित्र आणि सामान्य कागदावरील चित्र हीं पहिल्या दिवशीं सारखींच दिसूं शकतात. त्यांतील भेद दहा वर्षांनीं कळतो, आणि तेव्हां उपाय हातीं राहिलेला नसतो.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यांतील भिंतींकडे लक्षपूर्वक पाहिल्यास हा भेद कोणाच्याहि ध्यानांत येईल. अतिशय जुन्या तुकड्यांचीं काळीं-पांढरीं छायाचित्रें अजून स्पष्ट आहेत. टोपीची कड, कोटाचें बटण, गुरुजींच्या चष्म्याची काडी, सर्व कांहीं ओळखूं येतें. कारण त्यांतील आकृति चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली आहे. त्यानंतरचीं, १९७० च्या सुमाराचीं रंगीत छायाचित्रें तांबूस झालीं आहेत. त्या काळच्या रंगांपैकीं निळसर रंग आधीं विरून गेला, हें त्याचें कारण. आणि सर्वांत अलीकडचीं, साध्या इंकजेटवर छापलेलीं, कांहीं ठिकाणीं इतकीं फिकी पडलीं आहेत कीं, मागच्या ओळींतील मुलें ओळखण्यास त्यांच्या आयांनाच बोलवावें लागेल. म्हणजे यंत्रविद्या जसजशी पुढें गेली, तसतशी आमची आठवण मागें हटली, असा विलक्षण प्रकार झाला आहे. यांत शास्त्राचा दोष नाहीं. जुन्या छायाचित्रांच्या पंक्तीस बसेल असा कागद आणि अशी शाई आज बाजारांत मिळते. निवड करणारा डोळस ग्राहक तेवढा हवा.

येथें कोणी म्हणेल कीं, सर्व चित्रें फोनमध्यें सुरक्षित असतां छापील चित्राची एवढी काळजी कशाला? या म्हणण्यांत तथ्य आहे, परंतु अर्धेंच. फोन हरवतो, पाण्यांत पडतो, दोन-चार वर्षांनीं बदलला जातो. आणि त्याचा परवलीचा शब्द ज्याला ठाऊक तो माणूस गेला, म्हणजे त्यांतील चित्रेंहि त्याच्याबरोबर जातात. ज्या चकत्यांवर वडिलांनीं मोठ्या हौसेनें लग्नाचीं छायाचित्रें सांठविलीं, त्या चकत्या वाचणारें यंत्र आज किती घरांत उरलें आहे? कागदाची गोष्ट तशी नाहीं. कागद वाचावयास दुसरें यंत्र लागत नाहीं, डोळे पुरतात. आजोबांची पेटी उघडली कीं चित्र समोर येतें. मात्र पेटी उघडल्यावर तेथें चेहरा असावा, नुसता पिवळा पुठ्ठा असूं नये, एवढीच आमची मागणी आहे.

टिकाऊ कागद व टिकाऊ शाई यांचा विचार महाराष्ट्रास नवा नाहीं. पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील मोडी कागद आजहि अभ्यासकांना वाचतां येतात. त्यामागें कोणताहि चमत्कार नाहीं. जुन्नर व दौलताबाद येथील हातकागद त्या काळीं नांवाजलेला होता. चिंध्या व तागासारखे तंतु कुटून त्यांचा लगदा करीत, कागदाला खळ देऊन तो घोटीत, आणि त्यावर काजळ व डिंक यांच्या शाईनें बोरूनें लिहीत. काजळ म्हणजे शुद्ध कोळशाचे बारीक कण. उन्हानें त्याचा रंग उडत नाहीं. मग ते कागद कापडी रुमालांत बांधून अंधारांत ठेवीत. दमदार तंतूंचा कागद, न विरणाऱ्या कणांची शाई आणि अंधारी कोरडी जागा, अशी ही त्रयी होती. आजच्या रंगीत छायाचित्राचें आयुष्यहि नेमक्या याच त्रयीवर अवलंबून आहे. म्हणून कागदाची निवड करूं पाहणाऱ्यानें एकट्या कागदाकडे पाहून भागत नाहीं. त्यावर कोणती शाई पडणार आणि तो कोठें राहणार, हेंहि आधीं विचारावें लागतें.

प्रथम शाईविषयीं. इंकजेटच्या शाया मुख्यतः दोन जातींच्या असतात. एकीस डाय म्हणतात, दुसरीस पिगमेंट. पाण्यांत साखर घातली तर ती पूर्ण विरघळते; गेरू कालवला तर त्याचे कण पाण्यांत तरंगत राहतात. डाय ही साखरेसारखी, पिगमेंट ही गेरूसारखी. डायचा प्रत्येक अणुसमूह सुटा पडलेला असतो, त्यामुळें प्रकाश व हवा त्याच्यावर एकेकट्यानें हल्ला करतात. पिगमेंटचा कण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा लहान असला, तरी त्यांत असंख्य अणुसमूह एकत्र गोळा झालेले असतात. बाहेरचे झिजले तरी आंतले झांकलेले राहतात. म्हणून पिगमेंटचें चित्र सामान्यतः पुष्कळ अधिक टिकतें. ती शाईहि अमर नव्हे, परंतु आपल्या काजळाच्या कुळांतली आहे. घरगुती प्रिंटरांपैकीं पुष्कळांत काळी शाई तेवढी पिगमेंटची आणि रंगीत शाया डायच्या असतात, हें ग्राहकानें लक्षांत ठेवावें. आणि ज्या स्वस्त बाटलीवर शाईची जातहि लिहिलेली नाहीं, तिनें छापलेल्या चित्राच्या आयुष्याबद्दल उत्तम कागदहि जामीन राहूं शकत नाहीं.

हा धडा जगानेंहि अनुभवानेंच घेतला आहे. १९९१ सालीं प्रसिद्ध गायक ग्रॅहम नॅश यांनीं कॅलिफोर्नियांत कलात्मक इंकजेट चित्रांचा छापखाना काढला. त्यासाठीं वापरलेलें आयरिस नांवाचें यंत्र मूळचें छपाईचे नमुने तपासण्यासाठीं बनविलेलें होतें. नमुना चार दिवस टिकला म्हणजे काम झालें, या हिशेबानें त्याची शाई केलेली. चित्रें अप्रतिम निघालीं, कागद कलावंतांच्या योग्यतेचा होता, परंतु आरंभींच्या शाया लवकर उडूं लागल्या. पुढें २००० सालीं याच्या उलट प्रकार घडला. एका नांवाजलेल्या कंपनीच्या प्रिंटरांतून निघालेलीं चित्रें प्रकाशांत पुष्कळ वर्षें टिकतील अशी अपेक्षा होती; पण कांहीं ग्राहकांच्या घरीं तीं थोड्याच आठवड्यांत नारिंगी झालीं. शोध घेतां कळलें कीं, प्रकाश निरपराध होता. हवेंतील ओझोन वायु कागदाच्या सच्छिद्र लेपांत शिरून निळसर रंग खात होता. काचेमागें ठेवलेलीं चित्रें या आपत्तींतून वांचलीं. कागद व शाई यांची जोडी जुळली पाहिजे, हें या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होतें.

आतां कागदाच्या अंगाविषयीं. कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज नांवाच्या द्रव्याचे तंतु. कापसांत हें द्रव्य जवळजवळ शुद्ध असतें. लांकडांत त्याच्याबरोबर लिग्निन नांवाचा चिकट भाग येतो, आणि तो उजेडानें पिवळा पडतो. उन्हांत टाकलेलें वर्तमानपत्र दोन दिवसांत तांबूस होतें, तें यामुळेंच. १८०७ सालीं जर्मनींत मॉरिट्झ इलिग यांनीं तुरटी व राळ यांनीं कागदास खळ देण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि १८४४ सालीं फ्रीडरिख केलर यांनीं लांकूड घांसून लगदा करण्याची युक्ति काढली. या दोन शोधांनीं कागद स्वस्त झाला, विद्या घरोघर पोहोंचली. पण त्याच कागदाच्या पोटांत आम्ल राहिलें, आणि तें हळूहळू तंतु तोडीत गेलें. अठराव्या शतकांतील चिंध्यांचा कागद आज दुमडतां येतो, आणि विसाव्या शतकाच्या आरंभींच्या पुस्तकाचें पान हात लावतांच तुटतें, हें आमच्या ग्रंथपालांस विचारावें.

यास्तव १९९४ सालीं टिकाऊ कागदासाठीं आय. एस. ओ. ९७०६ हें आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरविण्यांत आलें. त्यांत कागद आम्लधर्मी नसावा, त्यांत लिग्निन जवळजवळ नसावें, आणि पुढें हवेंतून येणारें आम्ल मारण्यासाठीं त्याच्या अंगांत चुनखडीसारख्या अल्कधर्मी द्रव्याची शिल्लक असावी, असे नियम आहेत. ती शिल्लक खडूच्या भाषेंत सांगावयाची तर वजनाच्या सुमारें २ टक्के. वेष्टनावर नुसतें आम्लरहित असें लिहिलेलें असलें म्हणजे सर्व झालें असें मानूं नये. आज आम्ल नसलें तरी लिग्निन असेल तर उद्यां पिवळेपणा येईलच. शंभर टक्के कापूस, अथवा शुद्ध केलेला अल्फा-सेल्युलोज, आणि आम्लरहित व लिग्निनरहित असा तिहेरी उल्लेख पाहावा.

कागदाच्या अंगावर लेप असतो, आणि चित्र वस्तुतः लेपांतच वसतें. लेप दोन प्रकारचा. एक फुगणारा: जिलेटिनसारखें द्रव्य शाई पिऊन फुगतें आणि वाळल्यावर रंगाला पोटांत घेऊन मिटतें. यामुळें डाय शाईस हवेपासून चांगलें संरक्षण मिळतें. मात्र असा कागद सावकाश वाळतो, ओल्या हातानें खराब होतो आणि दमट हवेंत चिकटतो. दुसरा सच्छिद्र: सिलिका किंवा अल्युमिना यांच्या सूक्ष्म कणांचा. तो शाई तत्काळ शोषतो, चित्र हातीं येतांच कोरडें लागतें, आणि म्हणूनच बाजारांत तो सर्वत्र पसरला आहे. परंतु त्याचीं छिद्रें उघडीं राहतात. डाय शाईस तेथें ओझोन गांठतो. सारांश, सच्छिद्र लेपावर पिगमेंट शाई ही उत्तम जोडी. डाय शाईच वापरावयाची असेल तर चित्र काचेमागें किंवा बंद अल्बमांत ठेवण्यावांचून गत्यंतर नाहीं. दुकानांतला चकचकीत फोटो पेपर बहुधा दोन्ही बाजूंनीं पॉलिथिनचा पातळ थर दिलेला असतो. अल्बमासाठीं तो सोयीचा आहे, वांकडा होत नाहीं. परंतु शतकभर ठेवण्याच्या प्रतीसाठीं आम्ही कापसाच्या मंद पृष्ठाच्या कागदासच मत देतों.

ग्राहकाची सर्वांत मोठी फसगत शुभ्रतेमुळें होते. दुकानदार दोन कागद पुढें ठेवतो. एक दुधासारखा पांढरा, दुसरा किंचित सायीच्या रंगाचा. हात पहिल्याकडे जातो. परंतु ती शुभ्रता पुष्कळदां कागदाची नसून त्यांत मिसळलेल्या चमकद्रव्याची असते. हें द्रव्य डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर उजेड बाहेर टाकतें. धुण्याच्या पावडरींतहि तेंच असतें. कालांतरानें त्याची शक्ति सरते, आणि कागद मूळ रंगावर येतो. तेव्हां चित्रांतील पांढरा सदरा पिवळट दिसूं लागतो. सायीच्या रंगाचा कागद आधींच आपल्या खऱ्या रंगांत असतो, तो पुढें फारसा बदलत नाहीं. याची परीक्षा अगदीं सोपी आहे. नोटा तपासण्यासाठीं वाण्याच्या दुकानांत जांभळा दिवा असतो, त्याखालीं कागद धरावा. निळसर पांढरा पेटल्यासारखा दिसला तर त्यांत चमकद्रव्य आहे. शेजारीं खरी नोट धरून पाहावी. तिचा कागद तसा उजळत नाहीं. आपल्या नोटांचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो, असें रिझर्व्ह बँक सांगते. म्हणजे चांगल्या कागदाचा नमुना प्रत्येकाच्या खिशांत आहे.

जाडीविषयींहि असाच भ्रम आहे. चौरस मीटरास ३०० ग्रॅम वजनाचा कागद हातास भारदस्त लागतो, भिंतीवर ताठ राहतो. पण वजन म्हणजे आयुष्य नव्हे. लांकडाच्या निकृष्ट लगद्याचा पुठ्ठाहि जाडच असतो. तसेंच आपला प्रिंटर तो कागद ओढूं शकतो काय, आणि मंद पृष्ठासाठीं लागणारी काळी शाई त्यांत आहे काय, हें विकत घेण्यापूर्वीं पाहावें.

वेष्टनावरील वर्षांच्या आंकड्यांसंबंधानें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. शंभर वर्षें, दोनशें वर्षें, असे आंकडे वाचून मन हर्षतें. परंतु इंकजेटचा जन्म होऊन अजून तेवढीं वर्षें झालींच नाहींत. मग हे आंकडे आले कोठून? प्रयोगशाळेंत अतितीव्र दिव्याखालीं चित्र ठेवून काळाची गति वाढवितात आणि निकालावरून हिशेब मांडतात. अमेरिकेंतील हेन्री विल्हेल्म यांनीं या विषयाचा जन्मभर व्यासंग केला. त्यांचा रंगीत छायाचित्रांच्या टिकाऊपणावरील मोठा ग्रंथ १९९३ सालीं निघाला. त्यांच्या संस्थेच्या हिशेबांत चित्र काचेमागें असून त्यावर रोज १२ तास ४५० लक्स प्रकाश पडतो असें धरतात. दुसऱ्या कोणी १२० लक्स धरला तर तेंच चित्र १०० वर्षांच्या ऐवजीं ३७५ वर्षांचें ठरतें! कागद तोच, शाई तीच, केवळ गृहीत धरलेलें निराळें. शिवाय भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारें एक लाख लक्स असतो, आणि कोंकणपट्टींत पावसाळ्यांत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, याची त्या आंकड्यांत गणना नाहीं. म्हणून आंकडा हा वर्षांचा करार नसून दोन कागदांची तुलना करण्याचें साधन आहे. एकाच परीक्षेंत ज्याला अधिक गुण, तो सरस, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

जागेविषयींचे नियम गृहिणींस सांगावयास नकोत. लोणच्याची बरणी त्या ज्या विचारानें ठेवतात, त्याच विचारानें छायाचित्रें ठेवावीं. ऊन नको, ओल नको, उष्णता नको. चित्र छापल्यावर एक दिवस मोकळें वाळूं द्यावें आणि मग चौकटींत बसवावें, नाहीं तर काचेवर आंतून धुरकट थर येतो. काच आणि चित्र यांचा स्पर्श होऊं नये म्हणून मध्यें पुठ्ठ्याची कड द्यावी, आणि तो पुठ्ठाहि आम्लरहित असावा. पावसाळ्यांत बाहेरच्या भिंतीस ओल धरते. तेथें चौकट लावूं नये, लावणें भाग असल्यास मागच्या चारहि कोपऱ्यांस बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. शाळेंत झेरॉक्सच्या खोलींत चित्रें टांगूं नयेत, कारण अशा यंत्रांतून थोडाफार ओझोन निघत असतो. चिकट पानांचे अल्बम आणि पी. व्ही. सी.ची पाकिटें हीं तर छायाचित्रांचीं शत्रूच. त्यांऐवजीं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचीं पाकिटें घ्यावीं. राहतां राहिलें लॅमिनेशन. आमच्याकडे जें मोलाचें तें लॅमिनेट करावयाचें, अशी रूढीच पडली आहे. गरम करून चिकटविलेलें प्लॅस्टिक पुन्हां निघत नाहीं, कडेनें ओल शिरली तर ती आंतच राहते, आणि त्या डिंकाचें पुढें काय होईल हें विकणाराहि सांगत नाहीं. ओळखपत्रास तें ठीक आहे. आजीच्या एकुलत्या एका छायाचित्रास नव्हे.

यावरून कोणी असें समजूं नये कीं, प्रत्येक चित्र महागड्या कागदावर छापावें असें आमचें म्हणणें आहे. तसा आग्रह उधळेपणाचा होईल, आणि आमच्या बहुसंख्य पालकांस तो परवडणारहि नाहीं. आम्ही तीन पायऱ्या सुचवितों. सूचनाफलकावर आठ दिवस लागणाऱ्या चित्रास कोणताहि कागद पुरे. घरच्या अल्बमांतील चित्रांस चांगल्या जातीचा फोटो पेपर आणि त्याच कंपनीची मूळ शाई घ्यावी. किंवा स्टुडिओंत रासायनिक क्रियेनें होणारीं चित्रें करून घ्यावीं, तींहि आतां १९७० च्या मानानें पुष्कळ सुधारलीं आहेत. पण जें चित्र एकच आहे, जें गेलें तर पुन्हां येणार नाहीं, तेवढ्यासाठीं तिसरी पायरी चढावी: कापसाचा, आम्लरहित, चमकद्रव्य नसलेला, मंद पृष्ठाचा कागद, आणि त्यावर पिगमेंट शाई. एका कुटुंबांत अशीं चित्रें वर्षाकाठीं किती असतील? एक, फार तर दोन. त्यांचा जादा खर्च वाढदिवसाच्या एका केकपेक्षां फार होणार नाहीं, आणि केक दुसऱ्या दिवशीं उरत नाहीं.

शाळेपुढेंहि आमची एक सूचना आहे. दर वर्षीं प्रत्येक वर्गाच्या समूह-छायाचित्राच्या दोन प्रती तिसऱ्या पायरीच्या कागदावर छापून घ्याव्यात. एक व्हरांड्यांत काचेमागें लावावी. दुसरी उजेड न दाखवितां ग्रंथालयाच्या कोरड्या कपाटांत ठेवावी. दोहींच्या मागें मऊ शिसपेन्सिलीनें प्रत्येक विद्यार्थ्याचें नांव, वर्ष आणि इयत्ता लिहावी. कारण चेहरा टिकला पण नांव गेलें, तर अर्धें चित्र गेलेंच. छापणाऱ्या स्टुडिओस तीन प्रश्न लेखी विचारावेत: शाई डाय कीं पिगमेंट? कागद कापसाचा कीं लांकडाचा? त्यांत चमकद्रव्य आहे कीं नाहीं? ज्याला आपलें काम ठाऊक आहे तो दुकानदार या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. उलट असा ग्राहक भेटला याचा त्याला आनंदच होईल.

विद्यार्थ्यांनीं आमच्या शब्दावर विसंबूं नये. प्रयोग करून पाहावा. एकच चित्र तीन निरनिराळ्या कागदांवर छापावें. प्रत्येकाचा अर्धा भाग काळ्या जाड कागदानें झांकावा, मागें पेन्सिलीनें तारीख घालावी, आणि तिन्ही पट्ट्या पश्चिमेच्या खिडकींत एप्रिल-मे महिनाभर ठेवाव्यात. चौथी पट्टी, उन्ह लागणार नाहीं अशा ठिकाणीं, पंख्याच्या वाऱ्यांत उघडी टांगावी. जूनमध्यें झांकण काढून झांकलेला व उघडा भाग शेजारीं शेजारीं पाहावे. ऊन काय करतें, वारा काय करतो आणि कागद कोणाची बाजू घेतो, हें त्यांना डोळ्यांनीं दिसेल. शाळेच्या विज्ञानप्रदर्शनांत याहून स्वस्त आणि याहून उपयोगी प्रयोग क्वचितच सांपडेल.

शेवटीं एका आक्षेपाचें उत्तर देऊन हा लेख पुरा करूं. कित्येक म्हणतात, "चित्र फिकें पडलें तर पुन्हां छापूं, मूळ चित्र तर आहेच." हें वाक्य बोलणारा मनुष्य आज तरुण आहे, त्याच्याजवळ फोन आहे आणि त्याला सर्व आठवतें. परंतु चित्राची खरी गरज ज्याला पडते तो बहुधा निराळाच असतो. पन्नास वर्षांनीं एखादी नात आपल्या आजोबांचा शाळेंतला चेहरा शोधीत येईल. मूळ चित्र कोणत्या यंत्रांत होतें हें तिला कोण सांगणार? आणि पुन्हां छापावयास आपण तेथें असणार कोठें? तिच्यासाठीं आज जो कागद आपण निवडूं, तेवढाच तिला मिळेल. यंदाच्या शालान्त वर्गानें हा विचार मनावर घेऊन आपल्या छायाचित्रापासूनच आरंभ करावा, आणि पुढच्या वर्गांनीं तो परिपाठ चालवावा, अशी आमची त्यांस आग्रहाची विनंति आहे.